डाग कशाचा ते आधी बघा: घरच्या सफाईची साधनं आणि त्यांचा नेमका वापर

बाथरूमच्या नळावर पांढरा थर बसतो. साबण लावून, हिरवी घासणी घेऊन अर्धा तास घासलं की नळाची चकाकी जाते आणि थर मात्र तिथेच राहतो. घासणारा हात कमी पडला असं वाटतं, पण चूक हाताची नसते. तो थर मळाचा नसून पाण्यातल्या क्षाराचा असतो आणि साबणाने क्षार सुटत नाही. तोच थर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटांत मऊ होतो.

घरातल्या घाणीच्या ढोबळ चार जाती धरल्या की बहुतेक प्रश्न सुटतात. सुटी धूळ आणि केर. तेला-तुपाचा ओशट चिकटा. क्षार आणि गंज. आणि वाढणारी घाण, म्हणजे बुरशी, शेवाळ, जंतू. धुळीला कोरडं साधन लागतं, ओशटाला साबण नाहीतर सोडा, क्षाराला काहीतरी आंबट आणि बुरशीला क्लोरीन. यानंतर दुसरा प्रश्न विचारायचा: डाग ज्यावर पडलाय त्याला हे औषध सोसेल का? पुष्कळशा फरशा, ओटे आणि भांडी खराब होतात ती हा दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे.

झाडू: तीन कामांना तीन

फूलझाडू घरातल्या गुळगुळीत फरशीसाठी. व्हिट्रिफाइड किंवा मार्बलवरची बारीक धूळ त्याच्या मऊ फुलोऱ्यात नीट ओढली जाते. नवा फूलझाडू आणला की आठवडाभर त्याचाच भुसा घरभर होतो आणि केर काढताना नवा केर पडत राहतो. तो टाळायचा तर झाडू अंगणात किंवा गच्चीवर न्यावा, दांड्याला धरून फुलोरा भिंतीवर हलके आपटावा, मग जुन्या मोठ्या दातांच्या फणीने वरून खाली विंचरावा. मूठ-दोन मुठी भुसा तिथेच निघून जातो. हा झाडू ओल्या जमिनीवर कधीही चालवू नये. फुलोरा भिजला की त्याच्या जटा होतात, वास येतो आणि काड्या मोडायला लागतात. ठेवताना दांड्यातल्या कडीने टांगावा किंवा फुलोरा वर करून उभा करावा. फुलोऱ्यावर उभा केलेला झाडू महिनाभरात एका बाजूला वाकतो आणि मग कोपऱ्यातला केर त्याला निघत नाही.

शिंदीच्या पानांची केरसुणी आता पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनापुरतीच येते, पण खडबडीत कोबा, शहाबादी फरशी आणि मातीचं अंगण यांच्यासाठी ती फूलझाडूपेक्षा बरी. खरखरीत जमिनीवर फूलझाडूचा फुलोरा झिजतो, केरसुणी टिकते.

नारळाच्या हिरांचा खराटा हे पाण्याचं साधन. मोरी, गॅलरी, पार्किंग, गच्ची धुताना पाणी ओतत ओतत खराट्याने ढकलत जायचं. खराटा सैल झाला की हीर गळतात; मग नव्या दोरीने आवळावा आणि बुडाची बाजू दगडावर ठोकून सगळे हीर एका पातळीत आणावेत. मोरीचा खराटा वेगळा ठेवावा, त्याने अंगण झाडू नये.

व्हॅक्यूम क्लीनरचं काम गादी, सोफा, पडदे, गालिचा आणि पलंगाखालची जागा इथे. त्याची ओढ कमी झाली की मशीन बिघडलं असं वाटतं, पण बहुधा पिशवी किंवा फिल्टर भरलेला असतो. फिल्टर धुण्याजोगा असेल तर धुऊन पूर्ण वाळल्यावरच बसवावा. दमट फिल्टरमध्ये धूळ चिखलासारखी बसते. साध्या व्हॅक्यूमने ओलं काही ओढू नये.

वरून खाली, कोरडं आधी

आधी छताची जळमटं, मग पंखे, मग कपाटांचे माथे, मग टेबल-खुर्च्या, शेवटी जमीन. क्रम उलटला की काम दोनदा पडतं. आणि धूळ असताना पाणी लावलं की तिचा राप होतो, जो मग घासूनच काढावा लागतो. भिंतीवरच्या जळमटांवर ओलं फडकं फिरवलं की रंगावर काळे फराटे उमटतात ते यामुळेच.

पंख्यासाठी जुना उशीचा अभ्रा घ्यावा. बटण बंद करून स्टुलावर चढायचं, अभ्रा पात्यावर टोकाकडून मोज्यासारखा चढवायचा, दोन्ही हातांनी पातं वरून-खालून दाबून अभ्रा बाहेर ओढायचा. पात्यावरचा जाड धुळीचा पट्टा अभ्र्यातच पडतो, पलंगावर नाही. पातं वर-खाली वाकवू नये. वाकलं की पंखा डुगडुगतो. स्वयंपाकघराच्या जवळच्या पंख्यावर धूळ तेलात कालवलेली असते. तिथे आधी कोरडा अभ्रा, मग साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं फडकं.

फडकी

सगळ्यात चांगलं फडकं म्हणजे वापरून मऊ झालेलं सुती लुगडं, पंचा किंवा बनियन. टेरिकॉट आणि नायलॉन पाणी पीत नाहीत, नुसतं इकडचं तिकडे करतात. जुने कपडे फडक्यासाठी काढताना बटणं, हूक, चेन कापून टाकावी. एका हुकाने टीव्हीच्या काचेवर कायमचा ओरखडा पडतो.

मायक्रोफायबरचं फडकं कोरडं असताना धूळ धरतं आणि ओलं असताना डाग टिपतं. ते कपडे मऊ करणाऱ्या कंडिशनरमध्ये धुऊ नये, त्याचे बारीक तंतू बुजतात आणि फडकं निकामी होतं. सुती टॉवेलांबरोबरही टाकू नये, टॉवेलचे धागे त्यात अडकतात.

ओट्याचं, जमिनीचं आणि संडास-बाथरूमचं फडकं यांची सरमिसळ होता कामा नये. मोठ्या हॉटेलांत यासाठी रंग ठरलेले असतात. घरी फडक्याच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे दोन टाके घातले तरी पुरे: ओट्याला हिरवा, जमिनीला निळा, बाथरूमला लाल. घरात काम करणारी माणसं दोन-तीन असली की ही खूण फार उपयोगी पडते, रोज तोंडी सांगावं लागत नाही.

ओट्याचं फडकं आठवड्यातून दोनदा उकळावं. दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, दहा-पंधरा मिनिटं उकळी, मग दोन पाण्यांत खळबळून कडक उन्हात. हे स्टीलच्या पातेल्यात करावं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घातला की पातेलं काळं पडतं आणि झिजतं.

लादी पुसणं

पुसूनही लादी चिकट लागते, तिच्यावर पायाचे ठसे उमटतात. याचं कारण बहुतेक वेळा साबण जास्त झालेला असतो. फरशीवर उरलेला साबणाचा पापुद्रा धूळ धरून ठेवतो. पाच लिटरच्या बादलीला लादीच्या लिक्विडचं एक-दोन झाकण, किंवा बाटलीवर लिहिलं असेल तेवढंच. आधीच चिकट झालेली लादी कोमट साध्या पाण्याने, पाणी बदलत, दोनदा पुसली की मोकळी होते.

बादल्या दोन घ्याव्यात: एकीत औषधाचं पाणी, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून पिळायचं, मगच औषधाच्या पाण्यात बुडवायचं. साधं पाणी खोलीगणिक बदलायचं. एकाच बादलीत चार खोल्या पुसल्या तर चौथ्या खोलीत पहिल्या तीन खोल्यांचा मळ पसरतो. दाराच्या समोरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून मागे सरकत दाराशी यावं.

फिनेल म्हणजे साबण नव्हे. काळं फिनेल डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांचं असतं, पांढरं पाइनच्या तेलाचं. पाण्यात दोन्ही दुधाळ होतात. वास आणि जंतू यांच्यासाठी ती आहेत, चिकटा काढण्यासाठी नाहीत. मळकी लादी आधी पुसून घ्यावी, मग फिनेल. आणि घरात मांजर असेल तर काळं फिनेल आणूच नये. मांजर ओल्या लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि ही द्रव्यं तिच्या शरीराला पचवता येत नाहीत.

मॉपने पुसत असाल तर काम झाल्यावर डोकं काढून धुऊन उन्हात वाळवावं. बादलीतच ओला उभा ठेवलेला मॉप दुसऱ्या दिवशी घरभर कुबट वास पसरवतो. आणि कामाला येणाऱ्या मावशींना लांब दांड्याचा मॉप, रबरी हातमोजे आणि हिवाळ्यात कोमट पाणी द्यावं. रोज चार-पाच घरांचं ओणवं काम आणि फिनेलचं पाणी यांनी गुडघे आणि बोटांची कातडी जातात, ही साधी गोष्ट मालकाच्या लक्षात यायला हवी.

ओट्याचा दगड कोणता?

जुन्या घरांचा काळा ओटा कडप्प्याचा असतो, नव्यांचा ग्रॅनाइटचा. दिसायला दोन्ही काळे, स्वभावाने एकदम वेगळे. कडप्पा, शहाबादी, कोटा हे चुनखडीचे दगड. मार्बलही त्याच कुळातला, आणि मोझॅकच्या लादीत मार्बलचेच तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. या सगळ्यांना आंबट सोसत नाही. लिंबू, व्हिनेगर, ॲसिड पडलं की दगडच विरघळतो आणि जिथे थेंब पडला तिथे निस्तेज पांढुरका चट्टा राहतो. तो डाग नाही, तिथलं पॉलिश गेलेलं असतं, त्यामुळे घासून निघत नाही. पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं.

खात्री नसेल तर शेगडीखालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकावा. तीन मिनिटांनी पुसून, मान वाकडी करून उजेडात तिरपं बघावं. थेंबाच्या आकाराचं निस्तेज वर्तुळ दिसलं तर दगड चुनखडीचा. मग त्या ओट्यावर फक्त भांड्यांचं लिक्विड आणि पाणी. लोणच्याची बरणी, चिंचेचा कोळ, कापलेलं लिंबू थेट त्यावर ठेवू नये.

ओशटाला साबण आणि सोडा

खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांत मोठा फरक आहे. खायचा सोडा सौम्य; फ्रिजच्या आतल्या भागाला, चहाच्या कपाच्या तपकिरी डागाला तो पुरतो. धुण्याचा सोडा तिखट. चिमणीची जाळी, एक्झॉस्ट फॅनची पाती, तेलकट डबे यांना तो हवा, आणि त्याला हातमोजे हवेत.

चिमणीची स्टीलची जाळी: टबमध्ये पाच लिटर कढत पाणी, तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, एक मोठा चमचा भांड्यांचं लिक्विड. जाळी अर्धा तास बुडवून ठेवायची, मग जुन्या टूथब्रशने खाचा घासायच्या. मेणासारखा पिवळा थर आपोआप तरंगून वर येतो. पाणी मोरीत ओतताना गरम असतानाच ओतावं आणि मागून आणखी गरम पाणी सोडावं, नाहीतर तोच थर नळीत जाऊन गोठतो. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, नुसतं लिक्विड आणि गरम पाणी. ओळखायची सोपी खूण: ॲल्युमिनियमची जाळी हलकी असते, तिला लोहचुंबक चिकटत नाही. स्टीलच्या काही जातींनाही तो चिकटत नाही, म्हणून शंका असेल तर सोडा टाळावा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफस काढायची टूम सगळीकडे दिसते. फेस सुंदर येतो, पण आंबट आणि खारं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास नुसतं पाणी. ओशट असेल तर एकटा सोडा वापरा, क्षार असेल तर एकटं व्हिनेगर.

घासण्यांचंही तसंच. हिरव्या घासणीत खरखरीत पूड चिकटवलेली असते. ती स्टीलच्या कढईला चालते, नॉनस्टिक, काच, ॲक्रिलिकचा टब आणि चकचकीत नळ यांना नाही. लोखंडी तारेची घासणी स्टीलच्या सिंकमध्ये वापरली की तिचे कण मागे राहतात आणि दुसऱ्या दिवशी सिंकलाच गंज आल्यासारखे ठिपके दिसतात. लोखंडी तवा आणि बिडाच्या कढईला नारळाचा काथ्या आणि जाडं मीठ उत्तम. तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ, कारण तिथला काळपटपणा आंबटानेच सुटतो; घासून झाल्यावर लगेच धुऊन कोरडं पुसायचं, नाहीतर तासाभरात पुन्हा डाग पडतात.

क्षाराला आंबट

बोअरच्या पाण्याच्या गावात हा रोजचा छळ आहे. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व स्वस्त आणि पुरेसं: एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. नळासाठी सुती चिंधी या पाण्यात भिजवून नळाभोवती गुंडाळावी, पंधरा-वीस मिनिटांनी काढून जुन्या टूथब्रशने घासावं आणि भरपूर पाण्याने धुवावं. रात्रभर ठेवू नये, नळाचा मुलामा जातो. शॉवरच्या तोंडाला हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून रबराने बांधावं.

बाथरूमच्या टाइल्सवर क्षार आणि साबण यांचा मिळून राखाडी थर होतो. आधी टाइल्स साध्या पाण्याने पूर्ण ओल्या कराव्यात. हे विसरायचं नाही, कारण टाइल्समधल्या फटी सिमेंटच्या असतात. कोरड्या फटी आंबट पाणी शोषून घेतात, ओल्या घेत नाहीत. मग लिंबूसत्त्वाचं पाणी, दहा मिनिटं थांबणं, घासणं, धुणं, आणि शेवटी साबणाचा हात.

बाटलीतलं ॲसिड मात्र टाइल्सवर नकोच. ते फटीतलं सिमेंट खातं, फटी उघड्या पडतात, पाणी आत मुरतं आणि दोन वर्षांनी खालच्या मजल्यावरचे लोक छत गळतंय म्हणून दार वाजवतात. त्याच्या वाफेने कडी-कोयंडे आणि नळही गंजतात. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या सुट्या विक्रीवर नोंदवही आणि ओळखपत्राची अट घातली, तरी कुठे कुठे ते अजून सहज मिळतं. मिळालं तरी घरात आणू नका.

कमोडचं क्लीनर हेही आम्लच असतं, पण सौम्य आणि दाट केलेलं. ते ओतण्याआधी ब्रशने आतलं पाणी दोन-चार वेळा खाली ढकलावं. पाणी कमी झालं की क्लीनर पातळ होत नाही आणि पाण्याच्या रेषेवरचं पिवळं कडं सुटतं. कडेच्या आत गोल फिरवून ओतावं, वीस मिनिटांनी घासून फ्लश करावं. ब्रश झाकण आणि भांडं यांच्यामध्ये आडवा अडकवून निथळू द्यावा, मगच डब्यात ठेवावा.

बुरशीला क्लोरीन, पण एकट्याने

पावसाळ्यात बाथरूमच्या सांध्यांवर काळी बुरशी येते. कोरड्या ब्रशने झाडली तर तिची बीजं घरभर उडतात. आधी साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी, मग ब्लीचचं पाणी. ब्लीचच्या बाटलीवरची टक्केवारी वाचा. सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्के असेल तर पाच लिटर पाण्याला 100 मिलीलिटर, 4 टक्के असेल तर 125. ब्लीचिंग पावडर 30 टक्क्यांची असेल तर पाच लिटरला 17 ग्रॅम; आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग बाकी पाणी घालायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी वापरायचं. पाणी थंडच घ्यावं, गरम पाण्यात क्लोरीनचा जोर जातो. जागा किमान दहा मिनिटं ओली राहायला हवी. कालवलेलं पाणी त्याच दिवशी संपवावं.

बेसिनच्या कडेच्या सिलिकॉनमध्ये मुरलेल्या काळ्या रेषेसाठी टिश्यू पेपरच्या बारीक पट्ट्या करून रेषेवर ठेवाव्यात आणि पातळ न केलेल्या ब्लीचने भिजवाव्यात. तासाभराने काढून धुवावं. नुसतं ओतलेलं ब्लीच ओघळून जातं, पट्टी त्याला जागेवर धरते.

ब्लीच आणि आम्ल एकत्र येता कामा नये. कमोड क्लीनर, व्हिनेगर, लिंबूसत्त्व, ॲसिड यांपैकी काहीही ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरशी गाठ पडली तरी विषारी वाफ निघते. बंद बाथरूममध्ये हे दोन-चार श्वासांतच घातक होऊ शकतं. एका दिवशी एकच वापरा. चुकून तिखट वास आला, डोळे झोंबले, तर काहीही आवरत न बसता बाहेर या, जाता जाता दार-खिडकी उघडी राहील असं बघा, आणि हवा मोकळी होईपर्यंत आत जाऊ नका. डोळ्यांत उडालं तर पंधरा मिनिटं नळाखाली डोळे धुऊन दवाखाना गाठा. कुणाच्या पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका, ती द्रव्यं वर येताना घसा दुसऱ्यांदा भाजतात. बाटली बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात न्या.

म्हणूनच यातलं काहीही कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये. सुटं फिनेल दारावर घेतलंत तर बाटलीवर पक्क्या शाईने नाव आणि तारीख लिहा. आम्लं खालच्या कप्प्यात, ब्लीच वेगळ्या कपाटात, ब्लीचिंग पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सगळं लहान मुलांच्या हाताबाहेर, कुलपात. चमचा आणि मापही सफाईचं वेगळं ठेवा आणि त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून टाका.